तीन रंगांचा काळा

दादरच्या प्रदर्शनात त्या चित्राखाली जे कार्ड लावले आहे, त्यावर तीन वाक्ये आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. पहिले वाक्य सांगते की, या मुद्रकाने निवृत्तीनंतरची वर्षे तीन रंगांतून शुद्ध काळा मिळवण्याच्या छंदात घालवली. दुसरे सांगते की, तो न साधल्यामुळे अखेरच्या चित्रात त्यांनी दिव्याच्या काजळीचा आधार घेतला. तिसरे वाक्य सर्वांत गोड आहे आणि म्हणून सर्वांत वाईट आहे: रुग्णालयातील अखेरच्या दिवसांत पतीचे मन राखावे म्हणून पत्नीने ‘साडी काळी झाली’ असे त्यांना सांगितले.

मी आयोजकांपुढे आक्षेप नोंदवला. जुन्या छपाईचा अभ्यास करणारी ती मंडळी वयाने तरुण आहेत, वागायला सभ्य आहेत. ज्या मुलीने कार्ड लिहिले तिने माझे बोलणे मान डोलावत ऐकून घेतले आणि म्हणाली, “काका, प्रत्येकाची आपापली आठवण असते ना.”

असते. परंतु चित्र एकच आहे, आणि ते धुतले जात असताना तिथे मी होतो. वहिनींनी, म्हणजे त्या पत्नीने, निकाल दिला तेव्हाही रुग्णालयातल्या त्या खाटेशेजारी मीच उभा होतो. कार्ड लिहिणारी मुलगी तिथे नव्हती आणि दुसरे वाक्य तिला पुरवणारा मुद्रकाचा भाचाही नव्हता. आयुष्यभर मी मुद्रितशोधनाचे काम केले. चुकीचे छापलेले समोर आले की त्यावर खूण केल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. ही खूण आहे असे समजावे.

ते आणि मी परळच्या एकाच छापखान्यात होतो. ते कॅमेरा खात्यात, मी प्रुफांच्या टेबलावर. छापखान्यात माणसांना नावापेक्षा खाते जास्त चिकटते. ते मला ‘प्रूफवाले’ म्हणत, मी त्यांना ‘कॅमेरावाले’, आणि निवृत्तीनंतरही आम्हांला दुसरी हाक सुचली नाही. उंच, किंचित पुढे झुकलेले, नेहमी पांढरा सदरा. बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे ते उशिरा बघत; आधी त्याचे कपडे कोणत्या रंगाकडे झुकले आहेत ते पाहत. ‘काळा’ हा शब्द कुणी सैलपणे वापरला की त्यांना सहन होत नसे. नायगावच्या नाक्यावरच्या हॉटेलात एकदा पोऱ्याने विचारले, “काका, काळा चहा ना?” त्यांनी पेला उजेडात धरला. “तपकिरी,” ते म्हणाले. “काळा असता तर पलीकडचं काही दिसलं नसतं.” मिरी त्यांच्या मते तपकिरी होती आणि कावळा जांभळा. दत्ताच्या देवळासमोरच्या पाषाणाला ते निळा म्हणत. हे ऐकून लोक हसत. लोक हसत त्याला माझी हरकत नाही. हसून झाल्यावर त्या पाषाणाकडे पुन्हा एकदा पाहिले असते तर बरे झाले असते.

ज्यांना छपाईची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. रंगीत चित्र छापताना ते पिवळा, लाल आणि निळा अशा तीन रंगांत फोडतात व एकावर एक छापतात. तीनही रंग पूर्ण ताकदीने एकत्र आले की काळा व्हायला हवा. प्रत्यक्षात होतो तो चिखल, कधी तपकिरी तर कधी शेवाळी. म्हणून छापखाने चौथी, काळ्या शाईची प्लेट लावतात. ती लावली की तक्रार संपते. कॅमेरावाल्यांच्या मते विचारही तिथेच संपतो. ते म्हणत, “काळा म्हणजे तीन रंगांचं एकमत. चौथी प्लेट म्हणजे मतदान बंद करून साहेबाने दिलेला निकाल.”

असली वाक्ये ते पुष्कळ बोलत, आणि भाच्याने ती सर्व पाठ केलेली आहेत. प्रदर्शनात तो ती लोकांना ऐकवत होता. मात्र त्यांमागे काय घडले होते ते त्याने कुणालाही सांगितले नाही, कारण ते त्याला ठाऊक नाही. तो तेव्हा जन्मलेला नव्हता.

कॅमेरावाल्यांचे लग्न झाले त्या वर्षीची पहिली संक्रांत. वहिनी मालवणकडच्या, माहेर लालबागचे. वडील आणि भाऊ गिरणीत. माहेरच्यांनी काळी चंद्रकळा दिली, सासूने घरी बसून हलव्याचे दागिने केले: बिंदी, बाजूबंद, हार, कंबरपट्टा, सगळे पांढरेशुभ्र, काटेरी. आमच्या छापखान्यात तेव्हा एका साप्ताहिकाचा संक्रांत विशेषांक छापला जाई. मुखपृष्ठासाठी ठरलेले चित्र आयत्या वेळी नापसंत झाले आणि मालक म्हणाले, “तुमच्या घरी नवी सून आहे ना? आणा फोटो.” कॅमेरावाल्यांनी चाळीच्या गॅलरीत, सकाळच्या उन्हात, बायकोचा रंगीत फोटो काढला आणि स्वतःच त्याच्या निगेटिव्ह फोडल्या. तीन रंगांच्या तीन, आणि चौथी काळ्याची, अगदी हलकी.

पहिले प्रूफ माझ्या टेबलावर आले. साडी तपकिरी दिसत होती, हे खरे आहे. मी तसे पेन्सिलीने लिहिलेही. मालकांनी प्रूफ पाहिले आणि सांगितले, “काळी प्लेट दुप्पट चढवा.” कॅमेरावाले नवे होते, नोकरी नवी होती, लग्न नवे होते. त्यांनी चढवली.

अंक बाहेर पडला. काळा अगदी कुळकुळीत आला होता. संपूर्ण लालबाग खूश झाले. वहिनींच्या भावाने गिरणीत अंक वाटले. घरी वहिनींनी मुखपृष्ठ हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “मी कुठे आहे ह्यात? अंधाराला दागिने घातलेत.”

खरेच तसे होते. निऱ्या नव्हत्या. पदराच्या घड्या नव्हत्या. पदराखाली धरलेला हात नव्हता. चौथ्या प्लेटने साडी नेली आणि साडीबरोबर आतली बाईही. काळ्या चौकोनात वर एक चेहरा आणि खाली पांढरे काटे, एवढेच उरले होते. वहिनी रागावल्या नाहीत. अंक कपाटात ठेवला आणि पुन्हा त्याचा विषय काढला नाही. कॅमेरावाल्यांनी त्या तीन निगेटिव्ह जपून ठेवल्या, चौथी फेकून दिली, आणि नोकरीची उरलेली सगळी वर्षे इमानाने चौथी प्लेट लावत राहिले, कारण पगार त्याचाच होता.

आता कुणीही मला सांगावे, निवृत्तीनंतर त्यांनी जे आरंभले त्याला छंद म्हणतात का? ती साडी फाटून केव्हाच गोधडीत गेली होती. पुरावा म्हणून उरले होते ते एकच मुखपृष्ठ, आणि त्यावर बाई नव्हती. त्यांना काळा हवा होता, पण असा काळा की ज्यात निरी दिसेल. त्या बाईला तिच्या साडीत परत आणायचे होते. त्यांच्या उरलेल्या आयुष्याचा हेतू इतका सरळ होता.

छापखाना बंद झाल्यावर त्यांनी डिंकाची जुनी पद्धत उचलली. बाभळीचा डिंक भिजवून गाळायचा. त्यात रंगाची पूड खलायची, आणि एक नारिंगी क्षार मिसळायचा, ज्याला प्रेसमध्ये सगळे ‘बायक्रोम’ म्हणत. हे मिश्रण कागदावर पसरून वाळवायचे, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचे. जिथे ऊन लागते तिथे डिंक पक्का होऊन रंग धरतो. जिथे लागत नाही तिथला पाण्यात विरघळून जातो. एका रंगाला एक थर, एका थराला एक ऊन. पुढचा थर आधीच्यावर केसाइतकाही न सरकता बसावा लागतो, म्हणून कागद आधीच गरम पाण्यात आटवून त्याला खळ द्यावी लागते. ही खळ त्यांनी मेहुण्याकडून शिकून घेतली; तो गिरणीच्या सायझिंग खात्यात सुतालाच खळ लावत असे. बायक्रोम विषारी असतो. तो ते ट्रंकेत कुलपात ठेवत. तरी त्यांच्या बोटांच्या टोकांना कायम भेगा असत.

डिंकावरून घरात युद्ध होते. वहिनी थंडीत लाडवांसाठी डिंक आणत आणि पद्धतीला लागणारे कोरडे दिवसही नेमके थंडीचेच. मुंबईच्या दमट हवेत थर उन्हाशिवायच पिकतो, पांढऱ्यावर डाग पडतात.

“डबा अर्धा झालाय,” वहिनी म्हणत. “कुणी खाल्ला?”

“कागदाने.”

“मग कागदालाच विचारा, कंबर थांबली का दुखायची.”

मी रविवारी जात असे. गिरगावहून बसने नायगाव, तिसरा मजला, मग गच्चीचा लोखंडी जिना. गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकवलेली काच, प्लॅस्टिकचे ट्रे, आणि दोरीवर शेजाऱ्यांच्या चादरींच्या मधोमध चिमटे लावून वाळत घातलेल्या वहिनी: पिवळ्या, गुलाबी, हिरव्या. चाळीतल्या बायका खालून ओरडत, “वैनी, आज तुम्हाला काय झालं? कावीळ की गोवर?” वहिनी गॅलरीतून उत्तर देत, “दोन्ही. उद्या निळी पडणार आहे.”

पहिला धडा त्यांना लवकर मिळाला. काळा मिळावा म्हणून रंग दाट केला की प्रकाश वरच्यावर अडकतो, खालचा डिंक कच्चा राहतो आणि पाण्यात घातला की सगळा थर दुधावरच्या सायीसारखा निघून येतो. बळजबरी चालत नाही. दुसरा धडा मात्र त्यांना वहिनींनी दिला आणि तो पचवायला त्यांना फार वेळ लागला. पाण्यातून नुकतेच काढलेले चित्र काळेभोर दिसते. कॅमेरावाले ते ट्रेसकट धावत खाली आणत.

“बघ. आता बघ.”

“ओलं आहे. वाळलं की दाखवा.”

“अगं, रंग तर दिसतोय ना?”

“ओलं फडकं पण काळंच दिसतं. वाळलं की दाखवा.”

वाळल्यावर रंग उतरायचा आणि मग निकाल लागायचा. वहिनींचे निकाल मी स्वतः ऐकलेले आहेत, म्हणून शब्दशः देतो. “करवंदं आहेत ही. अजून पिकायचीत.” दुसऱ्या थंडीत: “विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळ.” एकदा फारच जवळ आलेल्या चित्राकडे पाहून त्या मालवणीत गेल्या, म्हणजे खऱ्याखुऱ्या वैतागल्या: “हेका काळां म्हणतत? चुलीवरचां फडकां बरां.” मी एकदा मध्ये पडलो. म्हटले, “वहिनी, माणूस इतकं करतोय, जरा सांभाळून घ्या.”

“तुम्ही घेतलंत का प्रुफात कुणाला सांभाळून?” त्या म्हणाल्या. “एकदा सगळ्यांनी मिळून सांभाळून घेतलंच होतं मला. कव्हरवर.”

ज्या बाईने जवळ आलेल्या चित्राला चुलीवरचे फडके म्हटले, तिने शेवटी मन राखण्यासाठी खोटे सांगितले, असे कार्ड म्हणते. पुढे चला.

काळा कशाला म्हणावे हे निश्चित करण्यासाठी ते नमुने गोळा करत. खिशात छत्रीच्या कापडाचा तुकडा असे, टायरची चकती, जळक्या लाकडाची ढलपी. आणि एक कागदाची पट्टी, जिच्यावर त्यांनी दिव्याची काजळी डिंकात खलून लावली होती. या पट्टीचे पुढे जे झाले ते सांगण्याआधी भोईवाड्याची हकिकत सांगतो.

एका सकाळी ते मला भोईवाडा कोर्टाबाहेर घेऊन गेले. म्हणाले, “मुंबईत एका जागी इतका काळा कुठेच मिळणार नाही.” वकील मंडळी कोट घालून घाईने आत-बाहेर करत होती. कॅमेरावाले फाटकाजवळ उभे राहिले आणि समोरून आलेल्या एका वकिलाच्या बाहीला त्यांनी सरळ आपली पट्टी लावली.

“काय काका? नोटरी? ॲफिडेव्हिट?”

“नको. तुमचा कोट बघतोय.”

“विकायचा नाही.”

“हिरवट पडलाय. खांद्यावर बघा.”

वकिलाने मान वळवून खांदा पाहिला. “आयला. बायको सकाळी हेच बोलली. तुम्ही कुठल्या लॉन्ड्रीचे?”

“प्रेसचा.”

“मग छापू नका,” वकील म्हणाला आणि आत गेला. तोवर फाटकावरचा हवालदार जवळ आला होता.

“ओ काका, आज तारीख आहे का तुमची?”

“नाही.”

“मग कशाला आलात?”

“काळा बघायला.”

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. “हे तुमच्याबरोबर आहेत?”

“आहेत,” मी म्हणालो. मान ताठ ठेवूनच म्हणालो.

“मग बसा दोघं सावलीत. साहेब लोकांना हात लावू नका.”

आम्ही सावलीत बसलो आणि दुपारपर्यंत कोट पाहिले. परतताना ते खूश होते. म्हणाले, “प्रूफवाले, एकही काळा थांबलेला नाही. प्रत्येक कुठेतरी निघालाय. वकिलांचा हिरव्याकडे, छत्रीचा जांभळ्याकडे. माझे तीन रंग एकमेकांना असे धरून बसले पाहिजेत की कुणालाच कुठे जाता येणार नाही.” त्या दिवसानंतर त्यांनी दाट रंगाचा हट्ट कायमचा सोडला. एक जाड थर नको, पातळ थर अनेक हवेत, हे त्यांनी ठरवले. पहिले तीन भरपूर उन्हात, म्हणजे चेहरा आणि हलव्याच्या सावल्या येतील. त्यावर पुन्हा तीन, पण थोड्याच उन्हात, म्हणजे फक्त साडीच रंग धरेल आणि पांढरे पांढरेच राहील. पिवळा सर्वांत खाली, कारण तो वर आला की काळ्यावर धूळ बसल्यासारखी दिसते. निळा सर्वांत शेवटी.

यासाठी सलग कोरडे दिवस हवे होते आणि ऊन हवे होते. दोन्ही संपत आले होते. चाळीचा पुनर्विकास ठरला होता. समोरच्या भागातल्या चाळी आधीच पडल्या होत्या आणि तिथला टॉवर मजल्यामागून मजला चढत होता. पूर्वी गच्चीवर सकाळपासून असलेले ऊन आता दुपारी येई आणि लवकर जाई. यांच्या चाळीला घरे रिकामी करायला सांगितले होते. संक्रमण शिबिरातल्या खोलीची खिडकी दुसऱ्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती. ते स्वतः जाऊन पाहून आले होते. मी अतिनील ट्यूब सुचवल्या, त्या हल्ली सहज मिळतात.

“ट्यूब सगळीकडे सारखी लागते,” ते म्हणाले. “हा फोटो उन्हात काढलाय. उन्हातच छापायचा.”

“हे शास्त्र नव्हे, कॅमेरावाले.”

“शास्त्र कुणी म्हटलं?”

ही एकच गोष्ट मला कधी पटली नाही, आणि आजही मी ती मान्य करत नाही. ट्यूबने काम झाले असते. पण ते त्यांचे काम होते.

भाचा याच दिवसांत सामान बांधायला मदत म्हणून येऊन गेला. त्याने गच्चीवर पणती पाहिली, पणतीवर उपडी धरलेली बशी पाहिली आणि बशीतली काजळी मामा डिंकात खलताना पाहिले. पाहिले ते खरे. समजले ते चूक. खिशातली जुनी पट्टी बोटांच्या ओलाव्याने पुसट झाली होती आणि तुलनेसाठी नवी पट्टी हवी होती. सोनाराकडे कसोटीचा दगड असतो, म्हणून तो दगड दागिन्यात घालत नाही. भाच्याने विचारले असते तर त्याला उत्तर मिळाले असते. त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि तो गेला.

ज्यांना माझा शब्द पुरेसा वाटत नाही त्यांनी दादरला जाऊन चित्राची उजवी कड पाहावी. सहा थर देताना कागद एकदा, चौथ्या थराच्या वेळी, किंचित सरकला. त्यामुळे पदराच्या बाहेर एक अगदी बारीक पिवळी रेघ आहे. डाव्या काठाबाहेर तशीच लाल आणि निळी दिसते. काळी रेघ कुठेही नाही. काजळीचा थर असता तर त्यालाही कड असती. आयोजकांना मी भिंग देऊ केले. ती मुलगी म्हणाली, “नंतर नक्की बघते, काका.” भिंग अजून माझ्याच खिशात आहे.

आता तो दिवस. सहावा थर, निळा. चाळीतली निम्मी घरे रिकामी झाली होती, गच्चीवर दोऱ्याही उरल्या नव्हत्या. ऊन आले तशी त्यांनी काच ठेवली आणि टॉवरच्या सावलीकडे पाहत उभे राहिले. सावली गच्चीचा कठडा ओलांडून पायाशी येईपर्यंत हलले नाहीत. मग कागद पाण्यात सोडला. निळे ढग पाण्यात सुटू लागले. ते ट्रेवर वाकलेले असतानाच मला दिसले की त्यांचा चेहरा राखेसारखा झाला आहे आणि सदरा पाठीला चिकटला आहे.

“बसा,” मी म्हणालो.

“पाणी बदलायचंय.”

ते बसले नाहीत, कोसळले. मी ओरडलो. खालून चाळीतली तीन-चार माणसे आली. त्यांना खुर्चीत बसवले आणि खुर्चीसकट तो लोखंडी जिना उतरवू लागले. खुर्ची तिरकी झाली होती, डोळे मिटले होते, आणि आवाज मात्र प्रेसमधलाच होता: “प्रूफवाले, तुम्ही येऊ नका. पाणी बदला. चित्राला हात लावू नका, फक्त पाणी.”

मी थांबलो. लोक मला यावरूनही बोलले आहेत. मित्राला खुर्चीवरून नेत असताना हा गृहस्थ गच्चीवर ट्रेमधले पाणी बदलत राहिला, असे शेजारचे सांगतात. हो, बदलत राहिलो. त्यांच्याबरोबर चार जण होते, वहिनी होत्या; चित्राबरोबर दुसरे कुणीही नव्हते. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलले, कागद दोन कोपऱ्यांना धरून उचलला आणि टाकीच्या पाइपाला बांधलेल्या सुतळीवर टांगला. ओला होता. काळाभोर दिसत होता. मी त्यावर विश्वास ठेवला नाही. इतके मीही त्या घरात शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी कपडे न्यायला घरी आल्या. रात्रभर बाकावर बसल्यामुळे पाय सुजले होते. मी चित्र खाली आणून ठेवले होते. त्यांनी आधी पिशवी भरली, चहा टाकला, मला दिला, आणि मग पदराला हात पुसून चित्र उचलले. गॅलरीत नेले, तिथे पाहिले. मग तीन मजले उतरून रस्त्यावर गेल्या आणि भर उन्हात उभ्या राहून पाहिले. मी वरून बघत होतो. शेजारून बस गेली तेव्हा चित्र छातीशी धरले, बस गेल्यावर पुन्हा समोर धरले. वर आल्यावर मी विचारले, “काय, वहिनी?”

“त्यांनी विचारलं की सांगेन,” त्या म्हणाल्या.

दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, टॉवेलात गुंडाळून त्यांनी ते परळच्या रुग्णालयात नेले. मी बरोबर होतो. वॉर्डात गर्दी होती, कॅमेरावाल्यांची खाट खिडकीपासून दुसरी. हाताला सलाईन, नाकात नळी. डोळे उघडे. तिथून ते घरी परतले नाहीत हे मला आता माहीत आहे; त्या क्षणी आम्हां तिघांपैकी कुणालाही ते माहीत नव्हते, आणि वहिनींना तर नव्हतेच. डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते की तीन-चार दिवसांत घरी सोडू. कार्ड लिहिणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे. मरणाऱ्या माणसाचे मन राखण्याचा प्रसंगच त्यांच्या समोर नव्हता.

“वाळलं?” त्यांनी विचारले.

“वाळलं.”

“उजेडात बघितलंस?”

“गॅलरीत बघितलं. रस्त्यावर जाऊन बघितलं.”

“मग?”

“साडी काळी आहे.”

“निऱ्या?” त्यांनी विचारले.

“दिसतात. पदराखाली हात धरलाय तो पण दिसतो. तुम्ही फोटो काढताना मला सांगितलं होतंत हात लपवू नको म्हणून, आणि मी लपवला होता. तो आहे.” वहिनींनी टॉवेल सोडला, पुठ्ठा काढला आणि चित्र त्यांच्यासमोर धरले. “पण नाक माझं नाही.”

“म्हणजे?”

“एवढं पिवळं नाक माझं कधी नव्हतं. हळद लागल्यासारखं. बाकी सगळी मी आहे, नाक कुणाचं आणलंत?”

शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईंनी तोंडाला पदर लावला. मन राखण्यासाठी बोलणारी बायको पहिल्या वाक्यावर थांबते. नाकापर्यंत येत नाही. माझा सगळा युक्तिवाद एवढाच आहे, आणि याहून अधिक पुराव्याची मला गरज वाटत नाही.

कॅमेरावाल्यांनी मोकळ्या हाताने चित्र खिडकीच्या दिशेने वळवले. साडीकडे त्यांनी किती वेळ पाहिले ते मी सांगू शकत नाही. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि जे दिसले नाही ते मी लिहीत नाही. नाकाकडे मात्र त्यांनी मान जवळ नेऊन पाहिले.

“पिवळा चढलाय खरा,” ते म्हणाले. “पहिला थर उन्हात जास्त राहिला.”

“तेच म्हणते मी.”

“परत करावं लागेल.”

“कुठे करणार? चाळ पुढच्या आठवड्यात खाली. त्या खोलीत ऊन नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “प्रूफवाले, तुमच्या गिरगावच्या गच्चीवर ऊन केव्हा येतं?”

“अकराच्या सुमारास. दुपार टळेपर्यंत असतं.”

“समोर टॉवर?”

“अजून नाही.”

“वर नळ आहे?”

“नाही.”

“मग नळ लागेल. बादल्या चढवून हे काम होत नाही.”

“आधी ही बाटली संपू दे,” वहिनी म्हणाल्या आणि चित्र पुन्हा पुठ्ठ्यांमध्ये घालू लागल्या.

मी दुसऱ्याच सकाळी प्लंबर बोलावला. तो गच्चीवर पाइप जोडत असताना तळमजल्यावरचे शेजारी धापा टाकत वर आले आणि म्हणाले, “काका, ह्या वयात गच्चीवर नळ कशाला?”

मी म्हटले, “एक नाक दुरुस्त करायचं आहे.”